बर्फ वितळल्यावर आधी काय, नंतर काय: अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या गावाबाहेरच्या घराची मार्च-एप्रिलची कामं

शहर सोडून आयोवात गावाबाहेर दोन-चार एकरांवर घर घेतलं, की पहिला मार्च भांबावून सोडतो. सकाळी पाणी गोठलेलं, दुपारी स्वेटर काढावा असं ऊन, आणि पाडव्याला गुढी उभारायला अंगणात जावं तर बूट चिखलात रुतून बसतो. ऊन दिसलं की हात बागेकडे वळतात, तिथेच क्रम चुकतो. आधी पाण्याची कामं, मग कुत्र्या-मांजरांची, माती सगळ्यात शेवटी.

पहिलं काम बेसमेंटमध्ये

वरचा बर्फ वितळतो तेव्हा खालची जमीन अजून गोठलेली असते. पाणी खाली मुरत नाही, ते घराच्या पायाकडे सरकतं. म्हणून पहिल्या मोठ्या पावसाआधी सम्प पंप, म्हणजे बेसमेंटमधल्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, तपासा. खड्ड्यात एक बादली पाणी ओता. तरंगणारा गोळा वर यायला हवा, पंप आपोआप सुरू व्हायला हवा आणि पाणी उपसून झालं की आपोआप बंद पडायला हवा. तेवढ्यावर समाधान मानू नका. बाहेर जाऊन पाइपाच्या तोंडातून पाणी खरंच पडतंय का ते बघा, कारण तोंडाशी बर्फ साचला असेल तर पंप नुसताच घरघरत राहतो. वादळात वीज जाते आणि पंप नेमका तेव्हाच लागतो, त्यामुळे बॅटरीवरचा जोडपंप हा खर्च मला चैनीचा वाटत नाही.

मग बाहेरचा नळ. थंडीत होजपाइप जोडलेलाच राहिला असेल तर भिंतीच्या आतली नळी फुटलेली असू शकते, आणि ते बाहेरून दिसत नाही. नळ पूर्ण सोडा आणि तोंडावर अंगठा दाबून धरा. अंगठ्याने धार सहज थांबली तर पाणी आत दुसरीकडे वाट काढतंय असं समजा. लगेच नळ बंद करा आणि बेसमेंटमधली भिंत बघा.

पन्हळी साफ करा. विहिरीचं पाणी वर्षातून एकदा जिवाणू आणि नायट्रेटसाठी तपासायचं असतं, तेही याच सुमारास उरकावं. आजूबाजूला मक्याची शेतं असताना नायट्रेटची चाचणी टाळू नये. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेट-नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, आणि तान्ह्या बाळाच्या घरी ती काटेकोर पाळावी लागते.

कुत्र्याला मोकळं सोडण्याआधी

पारा ४ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ४० फॅरनहाइटच्या वर गेला की गोचिडी हिंडायला लागतात. बर्फाचे ढिगारे अजून कोपऱ्यात असतात, म्हणून कोणाला संशय येत नाही. कुत्रा आत आला की कानांच्या मागे, काखेत, बोटांच्या मध्ये आणि पट्ट्याखाली हात फिरवा. गोचीड सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी हे घरगुती उपाय इथे नकोत.

गोचिडीचं औषध घेताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: कुत्र्यांच्या अनेक औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. औषध लावलेल्या कुत्र्याच्या अंगाला अंग घासून झोपणारं मांजर घरात असेल, तर कोणतं औषध चालेल ते डॉक्टरांनाच विचारा. डासांतून पसरणाऱ्या हार्टवर्मची (हृदयात वाढणाऱ्या जंतांची) गोळी मध्ये खंडली असेल तर ती परस्पर सुरू करू नका. आधी रक्ताची तपासणी करून घ्या. त्याच फेरीत रेबीजच्या लसीची तारीख बघून घ्या. साचलेल्या पाण्यात तोंड घालायची सवय असेल तर लेप्टोस्पायरोसिसच्या लसीबद्दलही विचारा.

स्कंकने फवारलं तर

स्कंक म्हणजे घाबरला की उग्र वासाचा फवारा मारणारा काळा-पांढरा छोटा प्राणी. फेब्रुवारी-मार्च हा स्कंकचा जोडीदार शोधायचा काळ. रात्री ते शेडखाली, लाकडांच्या ढिगाजवळ फिरतात आणि कुत्रा नाक घालायला जातोच. टोमॅटोचा रस चोळायचा सल्ला अजून सगळीकडे मिळतो. त्याने वास जात नाही, फक्त लाल कुत्रा आणि लाल बाथरूम मिळतं. खरा उपाय १९९३ साली पॉल क्रेबॉम या इलिनॉयमधल्या रसायनतज्ज्ञाने जाहीर केला. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक क्वार्ट (साधारण ९५० मिली), पाव कप खाण्याचा सोडा आणि चमचाभर भांड्यांचा पातळ साबण. स्कंकच्या फवाऱ्यात गंधकाची संयुगं असतात. हे मिश्रण त्यांचं रूपच बदलून टाकतं, म्हणून वास झाकला न जाता खरोखर जातो.

कुत्र्याला आधी पाण्याने भिजवू नका. हातमोजे घालून मिश्रण कोरड्या केसांतून कातडीपर्यंत चोळा, पाचेक मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांपासून लांब ठेवा. डोळ्यांभोवती ओल्या फडक्याने अलगद पुसलेलं पुरतं. काळ्या कुत्र्याचे केस थोडे तांबूस होऊ शकतात, ते चालवून घ्यावं. मिश्रण ताजंच करायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं. बाटलीत बंद करून ठेवलं तर आत वायू साचून बाटली फुटते. त्यानंतर काही आठवडे कुत्रा पावसात भिजला की वास पुन्हा डोकं वर काढतो, कारण फवाऱ्यातली काही संयुगं पाणी लागल्यावरच वासाची होतात. आणि झटापट होऊन चावा किंवा ओरखडा दिसला तर आंघोळ नंतर, डॉक्टर आधी. इथल्या स्कंकमध्ये रेबीज आढळतो.

शेड आणि गॅरेज

गॅरेजमध्ये हिरवट पाण्याचं थारोळं दिसलं तर ते बहुधा अँटिफ्रीझ आहे. चवीला गोड, आणि थोडंसं चाटलं तरी मूत्रपिंडं निकामी करणारं. आधी जनावरांना बाहेर काढा, मग पुसा. चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. उंदरांचं विष ठेवायचंच असेल तर कुलूपबंद पेटीत. गाडी किंवा ट्रॅक्टर सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. शेडमधल्या मांजरी उबेसाठी आत शिरतात, आणि वसंतात त्यांना पिल्लंही होतात. ईस्टरला भेट म्हणून लिलीची कुंडी आली आणि घरात मांजर असेल, तर कुंडी शेजाऱ्यांना द्या. पाकळी, पान, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराला घातक आहे.

आता अंगण

मूठभर माती दाबून बघा. लाडवासारखी वळली तर थांबा, भुरभुरली तर कामाला लागा. ओल्या मातीवर चालून ती एकदा घट्ट झाली की वर्षभर कटकट. सेप्टिक टँकच्या भागावर तर गाडी कधीच नेऊ नका.

माती सुकेपर्यंत सफरचंदाची छाटणी करून घ्या. ओकला मात्र एप्रिल ते जुलै करवत लावू नका. ताज्या जखमेच्या वासाने येणारे भुंगेरे ओक विल्ट हा झाड सुकवणारा बुरशीचा रोग आणतात. बर्फ ढकलताना ड्राइव्हवेची खडी गवतात गेलेली असते, ती गवत वाढायच्या आत दाताळ्याने ओढून परत आणा. नंतर तीच खडी मोवरच्या पात्यातून गोळीसारखी उडते.

पहिल्यांदा गवत कापण्याआधी मात्र अंगण पायी फिरून बघा. वाळलेल्या गवताचा वाटीएवढा उंचवटा आणि त्यात राखाडी लोकर दिसली, तर खाली कॉटनटेल सशाची पिल्लं आहेत. आई जवळ नसते, ती पहाटे आणि तिन्हीसांजेला तेवढी येते, त्यामुळे पिल्लं पोरकी समजून घरात आणू नका. घरट्यावर दोन दोरे फुलीसारखे ठेवा. सकाळी ते हललेले दिसले की आई येऊन गेली. कुत्रा बाहेर असेल तेवढा वेळ घरट्यावर कपड्यांची टोपली उपडी घाला आणि संध्याकाळी काढून घ्या. पिल्लं साधारण तीन आठवड्यांत आपणहून निघून जातात, तोवर तेवढा तुकडा न कापता सोडा.

वाटाणा आणि पालक एप्रिलमध्ये पेरता येतो. टोमॅटोची रोपं मात्र मदर्स डेपर्यंत, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, आतच बरी. कुंपणाचे खांब नव्याने पुरायचे असतील तर आधी ८११ ला फोन करा. गॅसच्या आणि विजेच्या लाइन कुठून जातात ते फुकट खुणा करून देतात.

एप्रिलच्या दोन खबरदाऱ्या

शेजारच्या शेतात ट्रॅक्टरमागे पांढऱ्या टाक्या दिसल्या की कुत्र्याला आत घ्या आणि खिडक्या लावा. त्यात मक्याला खत म्हणून द्यायचा अनहायड्रस (पाण्याचा अंश नसलेला) अमोनिया असतो. गळती झाली तर तो ओलावा शोधत डोळे आणि घशावर जातो. झोंबणारा वास आला तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला निघा.

दुसरी टोर्नेडोची. सायरन झाला की मांजर पलंगाखाली जातं आणि तिथून ते निघत नाही. म्हणून त्याचा पिंजरा आतापासूनच बेसमेंटमध्ये उघडा ठेवा आणि रोजचं खाणं त्यातच द्या. शेजारी पाण्याचं भांडं, कुत्र्याची साखळी, दोघांच्या लसींचे कागद आणि टॉर्च.