कॅमकॉर्डरच्या टेप कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या आणि डीव्हीडी कशी बनवायची

घरात कॅमकॉर्डरच्या टेप पडून असतील तर हे काम आता लांबणीवर टाकू नका. टेप नीट ठेवली तर बरीच वर्षं टिकते, पण ती चालवणारं मशीन आधी जातं, रबरी बेल्ट सैल पडतात, टेप वाचणारं हेड झिजतं आणि पार्ट कुठेच मिळत नाहीत. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणजे फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये प्रॉडक्शन थांबवलं, आणि मिनीडीव्हीचे कॅमेरे आता सेकंडहँडच शोधावे लागतात. त्यामुळे कॅमेरा चालू होतोय तोवर सगळ्या टेप एकदा उतरवून घ्या, एडिटिंग आणि मेनू नंतर निवांत करता येतात. आणि अजून एक, डीव्हीडी ही बघायची कॉपी आहे, जपायची नाही. टेपमधून जी फाइल येते ती तशीच्या तशी हार्ड डिस्कवर ठेवायची, डीव्हीडी त्यावरून कधीही परत बनते, उलटं मात्र होत नाही.

आधी टेप कोणती आहे ते बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. मिनीडीव्ही आणि डिजिटल८ मध्ये रेकॉर्डिंग मुळातच डिजिटल असतं, म्हणजे केबलने नुसती कॉपी होते, क्वालिटी काडीचीही कमी होत नाही. व्हीएचएस, व्हीएचएस-सी, व्हिडिओ८ आणि हाय८ हे अ‍ॅनालॉग, त्यांना कॅप्चर करावं लागतं, म्हणजे टेप चालवत चालवत चित्र डिजिटलमध्ये रेकॉर्ड करावं लागतं. व्हीएचएस-सीची छोटी कॅसेट अडॅप्टरमध्ये घालून साध्या व्हीसीआरमध्ये चालते, पण ८ एमएमच्या टेपसाठी असा अडॅप्टर नसतोच, कोणी विकायला आणला तरी घेऊ नका, त्याला त्याच जातीचा कॅमेरा किंवा डेक लागतो. काही डिजिटल८ कॅमेरे जुन्या हाय८ टेपसुद्धा चालवतात आणि थेट डिजिटल आउटपुट देतात, असा एखादा ओळखीत कोणाकडे असेल तर हाय८वाल्यांचं काम फारच सोपं होतं.

टेप मशीनमध्ये घालायच्या आधी उजेडात धरून तिच्या काचेतून आत बघा. रिळाच्या कडेवर पांढुरकी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी, ती टेप अजिबात चालवू नका, हेड तर घाण होईलच शिवाय पुढच्या चांगल्या टेपलाही ती लागेल, तशा टेप वेगळ्या काढून जाणकाराकडे द्या. बाकीच्यांचं रेकॉर्ड लॉक आधी करा, मिनीडीव्हीला मागच्या बाजूला सरकवायची बारीक खिटी असते ती सेव्हकडे ढकलायची, व्हीएचएसचा प्लॅस्टिकचा तुकडा तोडायचा. मग टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप त्याने मोकळी होते. चित्रात चौकोनी ठोकळे किंवा आडवे पट्टे दिसले तर आधी हेड क्लीनिंग टेप लावा, पण त्याच्या पाकिटावर लिहिलंय तेवढेच सेकंद, जास्त घासली तर हेडच झिजतं. आणि कॅमेरा बॅटरीवर नको, अडॅप्टर लावूनच, कॅप्चरच्या मधेच बंद पडला की परत पहिल्यापासून.

आता मिनीडीव्ही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो तो केबलमुळे. कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक असतं म्हणून लोक तीच केबल लावतात, पण बहुतेक कॅमेऱ्यांत ते फोटो काढून घ्यायला किंवा वेबकॅमसारखं हलकं चित्र पाठवायला असतं, टेपचा खरा डेटा फायरवायर नावाच्या वेगळ्या जातीच्या केबलने जातो. कॅमेऱ्यावर त्याला डीव्ही किंवा आयलिंक असं लिहिलेलं असतं, छोटंसं चार पिनांचं सॉकेट, एका बाजूला खाच असलेलं, उलटं घुसवायचा प्रयत्न केलात तर पिना वाकतात आणि मग कॅमेरा त्या कामापुरता गेलाच समजा. कॉम्प्युटरच्या बाजूला सहा किंवा नऊ पिनांचं सॉकेट असतं. डेस्कटॉपला फायरवायरचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवा. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी जी स्वस्त केबल मिळते ना, ती चालत नाही, दोन्हींची भाषाच वेगळी आहे, प्लग बदलून काही होत नाही, तिच्यात पैसे घालू नका. मॅकवर थंडरबोल्टचे अडॅप्टर जोडत जोडत काम होतं, पण मॅकओएस २६ मध्ये फायरवायरचा सपोर्टच काढून टाकलाय, त्यामुळे त्याआधीची सिस्टीम असलेला जुना मॅक घरात असेल तर तो अपडेट न करता या कामासाठी राखून ठेवा. विंडोजमध्ये कॅमेरा दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये फायरवायर कंट्रोलरला लेगसी, म्हणजे जुना ड्रायव्हर द्यावा लागतो, बऱ्याचदा तेवढ्यानेच अडलेलं काम सुटतं.

केबल लावताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा, नंतर कॅमेरा प्ले किंवा व्हीसीआर मोडवर चालू करा, रेकॉर्ड मोडवर नाही. विंडोजवर विनडीव्ही नावाचं एक जुनं फुकट सॉफ्टवेअर आहे, दिसायला अगदी साधं, पण या कामाला मला तेच सगळ्यात भरवशाचं वाटतं. मिनीडीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेमसोबत शूटिंगची तारीख आणि वेळ टेपवरच लिहिलेली असते, विनडीव्ही ती वाचतं आणि जिथे कॅमेरा बंद करून परत चालू केला होता तिथे आपोआप नवी फाइल सुरू करतं, फाइलच्या नावातही तारीख टाकतं. म्हणजे टेपवर लेबल नसलं तरी बारसं कधीचं आणि सहल कधीची हे फाइलच्या नावावरूनच कळतं (अर्थात तेव्हा कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर). हे सगळं रिअल टाइममध्ये होतं, एक तासाची टेप म्हणजे एक तास, घाई करता येत नाही. जागा तासाला साधारण १३ जीबी लागते. बाहेरची डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही, म्हणजे सलग चाललेलं कॅप्चर वीस मिनिटांच्या आत अडकतं, म्हणून डिस्क आधीच एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. कॅप्चर चालू असताना खालचा ड्रॉप फ्रेमचा, म्हणजे सुटलेल्या फ्रेमचा आकडा बघत राहा, तो शून्यच राहिला पाहिजे, वाढायला लागला तर बाकीचे प्रोग्राम बंद करून तेवढा भाग परत घ्या. एलपी मोडवर (टेप हळू चालवून जास्त वेळ बसवायचा मोड) रेकॉर्ड केलेली टेप दुसऱ्या कॅमेऱ्यात अडखळली तर घाबरू नका, शक्यतो ज्या कॅमेऱ्यावर शूट केली त्यातच चालवा.

अ‍ॅनालॉग टेपसाठी यूएसबी कॅप्चर डिव्हाइस लागतो, एका बाजूला पिवळी, पांढरी आणि लाल पिन, दुसऱ्या बाजूला यूएसबी. कॅमेऱ्याला एस-व्हिडिओचं सॉकेट असेल तर पिवळीच्या ऐवजी तेच वापरा, त्यात उजेडाचा आणि रंगाचा सिग्नल वेगवेगळा जातो म्हणून कडा स्वच्छ दिसतात, हाय८ ला तर फरक लगेच कळतो. मात्र एस-व्हिडिओमधून आवाज जात नाही, पांढरी आणि लाल पिन लावायचीच. ओबीएस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करता येतं, साइज टेपच्या टीव्ही सिस्टीमप्रमाणे, पॅल (भारतातली) असेल तर ७२० बाय ५७६ आणि २५ फ्रेम, एनटीएससी (अमेरिकेतली) असेल तर ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम. ते उगाच फुल एचडीला ताणू नका, टेपमध्ये जेवढं डिटेल आहे तेवढंच येणार, फाइल मात्र फुगते. सुरू करायच्या आधी कॅमेऱ्याचं डिस्प्ले बटण दाबून स्क्रीनवरची अक्षरं घालवा, नाहीतर प्लेची खूण आणि काउंटर कायमचे व्हिडिओत छापले जातात. आणि एखादा मिनीडीव्ही कॅमेरा बाहेरचा सिग्नल आत घेणारा असेल तर व्हीसीआर त्याला जोडा आणि त्याची फायरवायर कॉम्प्युटरला, तो मधल्या मधे अ‍ॅनालॉगचं डिजिटल करून देतो, आणि स्वस्त यूएसबी डिव्हाइसमध्ये आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडत जातो तो त्रासही सहसा होत नाही.

नंतरच्या काळातले कार्डवाले किंवा हार्ड डिस्कवाले कॅमेरे सोपे आहेत, फक्त एमटीएस नावाच्या व्हिडिओ फाइल्स उचलू नका, त्या ज्यात असतात तो पूर्ण एव्हीसीएचडी फोल्डरच कॉपी करा, कारण लांब शूटिंग तुकड्यांत तोडलेलं असतं आणि ते जोडायची माहिती बाकीच्या फाइल्समध्ये असते. छोट्या ८ सेंटीमीटरच्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा असेल तर डिस्क आधी त्याच कॅमेऱ्यात फायनलाइज करा, म्हणजे दुसऱ्या मशीनवर वाचता येईल अशी बंद करून घ्या, तोवर कॉम्प्युटर ती रिकामी दाखवू शकतो. ती डिस्क फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका, अडकते.

आता डीव्हीडी. टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये चालायला हवी असेल तर नुसती एमपी४ फाइल डिस्कवर ओढून टाकून भागत नाही, ती झाली डेटा डीव्हीडी, काही प्लेअर वाचतात, काही नाही. व्हिडिओ डीव्हीडीमध्ये एमपेग-२ व्हिडिओ आणि व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर असाच साचा लागतो, आणि तो बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला ऑथरिंग सॉफ्टवेअर म्हणतात. विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये डीव्हीडी मेकर यायचा, ८ पासून गेला, अ‍ॅपलनेही आयडीव्हीडी कधीच बंद केलं, त्यामुळे आता डीव्हीडी स्टायलर वापरा, फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. व्हिडिओ आत ओढा, पॅल की एनटीएससी ते टेपप्रमाणे निवडा, चित्र ४:३ की १६:९ ते नीट बघा नाहीतर माणसं जाडी नाहीतर काटकुळी दिसतात. टेपचा व्हिडिओ इंटरलेस्ड असतो, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत असते, आणि डीव्हीडीला तो तसाच चालतो, म्हणून डीव्हीडीसाठी डीइंटरलेस करू नका, म्हणजे ते भाग एकत्र करू नका, हालचाल उगाच अडखळत दिसते. मोबाइलवर पाठवायच्या एमपी४ साठी मात्र हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस नक्की करा, नाहीतर हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात.

एका साध्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर ते ४.३७ दाखवतो, डिस्क खोटी नाही, मोजायची पद्धत वेगळी. एक तास टाकलात तर व्हिडिओला ८ एमबीपीएसच्या आसपास बिटरेट (सेकंदाला किती डेटा) देता येतो आणि चित्र छान राहतं, दीड तासाला ६ च्या आसपास, दोन तास कोंबले तर पावणेपाचच्या वर जागाच उरत नाही आणि हातात धरून हलत शूट केलेल्या व्हिडिओत ठोकळे दिसायला लागतात. माझं मत विचाराल तर एका डिस्कवर एकच टेप, डिस्क एवढ्या महाग नाहीत. चॅप्टर मात्र टाका, प्रत्येक प्रसंगाला एक, घरातली मोठी माणसं रिमोटवरचं नेक्स्ट दाबून बरोबर हवं तिथे जातात.

थेट डिस्कवर बर्न न करता आधी आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल बनवा, व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून मेनू, आवाज, शेवटचा चॅप्टर सगळं बघा, मग विंडोजवर इमगबर्न नावाच्या सॉफ्टवेअरने बर्न करा. स्पीड सगळ्यात वरचा नको, १६एक्सच्या डिस्कला ८एक्स ठेवा, आणि व्हेरिफायवर टिक करा, वेळ दुप्पट जातो पण डिस्क खरंच नीट लिहिली गेलीय का ते तिथेच कळतं. जुन्या प्लेअरला रीरायटेबल डिस्क पुष्कळदा आवडत नाही, साधी डीव्हीडी-आर घ्या. नाव लिहायला मऊ टोकाचा सीडी मार्कर, बॉलपेन नको, आणि चिकटवायचे कागदी लेबल तर नकोच, ते एका बाजूने सुटलं की फिरताना डिस्क डगमगते.

ओरिजिनल फाइल्स दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, भावाकडे बहिणीकडे कुठेही. टेप फेकू नका, पूर्ण रिवाइंड करून उभ्या ठेवा, स्पीकरपासून आणि ओलीपासून लांब. डब्यावर फाइलचं नाव आणि कॅप्चर केल्याची तारीख लिहून ठेवा, म्हणजे कोणती झाली आणि कोणती राहिली ते पुढे कोणाला विचारावं लागणार नाही.