विज्ञानकथेतल्या वेगळ्या पात्राचं विश्लेषण कसं करावं

कथा निदान दोनदा वाचली आहे आणि पात्रही निवडलं आहे, असं धरून पुढचं लिहितो आहे. 'पात्राला शोभतील अशी दहा विशेषणं काढा' हा सगळीकडे मिळणारा सल्ला विसरा. यंत्र, परग्रहवासी किंवा बोलणारं घर पात्र असेल, तर ही विशेषणं माणसाच्या मापाची निघतात आणि पात्राचं वेगळेपण तिथेच हरवतं.

१. वेगळेपण एका वाक्यात लिहा. 'विचित्र आहे' हे उत्तर नव्हे. शरीर, इंद्रियं, स्मृती, भाषा, आयुर्मान यांपैकी नेमकं काय बदललं आहे ते लिहा.

२. तीन रकाने आखा. पात्र काय करतं, काय बोलतं, आणि इतर पात्रं किंवा निवेदक त्याच्याबद्दल काय म्हणतात. प्रत्येक नोंदीपुढे पानाचा क्रमांक हवाच. प्रत्येक रकान्यात सहा-सात नोंदी पुरतात.

३. नियम आणि स्वभाव वेगळे करा. बहुतेक लेख इथेच फसतात, म्हणून या पायरीला बाकी सगळ्या पायऱ्यांइतका वेळ द्या.

विज्ञानकथेतल्या पात्रावर कथेने काही बंधनं घातलेली असतात. यंत्रमानव आज्ञा पाळतो, कारण त्याची घडणच तशी आहे. त्यावरून तो 'निष्ठावान' ठरत नाही. दुसरं काही करणं त्याला शक्यच नव्हतं. म्हणून पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक कृतीपुढे एकच प्रश्न लिहा: याऐवजी त्याला दुसरं काही करता आलं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर 'नि' (नियम), 'हो' असेल तर 'स्व' (स्वभाव). स्वभावाबद्दलचं प्रत्येक विधान फक्त 'स्व' नोंदींवर उभं करा. 'नि' नोंदी कथेतल्या जगाबद्दल सांगतात; त्या तिथे वापरा.

डॅनिएल कीज यांची 'फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन' ही १९५९ची कथा घ्या. शस्त्रक्रियेनंतर चार्ली या मंदबुद्धी नायकाची बुद्धी वाढते आणि पुढे ओसरते. कथा त्याच्याच अहवालांतून उलगडते; त्या लिखाणातलं शुद्धलेखन तसतसं सुधारतं आणि पुन्हा बिघडतं. हे सगळं 'नि'. पण त्याच शस्त्रक्रियेतून गेलेल्या अल्जरनॉन या उंदराची बुद्धी ओसरताना पाहून आपलीही जाणार असा धोका दिसू लागल्यावर तो स्वतःच त्या ऱ्हासाचा अभ्यास करतो आणि शेवटी त्या उंदराच्या कबरीवर फुलं ठेवायची विनंती करतो. हे त्याला कुणी करायला लावलेलं नाही. चार्ली इथे सापडतो. नुसत्या बुद्धीच्या चढउताराबद्दल पानभर लिहिलंत, तर ते कथानकाचा सारांश होईल.

आता अवघड उदाहरण. रे ब्रॅडबरी यांच्या 'देअर विल कम सॉफ्ट रेन्स' (१९५०) या कथेत माणसं उरलेलीच नाहीत; एक स्वयंचलित घर न्याहारी बनवतं, साफसफाई करतं. कोणती कविता ऐकायची याला उत्तर मिळत नाही, तेव्हा तीही ते यदृच्छेने निवडतं. पहिला रकाना तपासला तर 'स्व'ची जागा जवळपास रिकामी राहते. इथे घाबरून 'घर दुःखी आहे' असं लिहू नका. घराला भीती, साफसफाईच्या यंत्र-उंदरांना राग, हे सगळं निवेदकाच्या शब्दांतून येतं, म्हणजे ते तिसऱ्या रकान्यातलं आहे. मग खरा प्रश्न समोर येतो: निवड करू न शकणाऱ्या वस्तूला निवेदक भावना का देतो? ज्यांच्यासाठी ती राबते आहे ते कुटुंब कुठे गेलं, याकडे तो आपलं लक्ष वळवतो. रिकामी जागा हाही पुरावाच असतो, फक्त ती भरायची घाई करायची नाही.

याच पायरीवर दुसरी चूक होते ती रूपकाची. 'परग्रहवासी म्हणजे समाजाने नाकारलेला माणूस' असं पहिल्याच परिच्छेदात जाहीर केलं, की पुढचं वाचन संपतं. आधी तो खरोखर परग्रहवासी आहे असं मानून वाचा. रूपकाने कथेतला असा एखादा तपशील उलगडला पाहिजे, जो शब्दशः अर्थाने उलगडत नव्हता. एकही सापडला नाही, तर रूपक खोडून टाका.

४. शेजारचं साधं पात्र पाहा. असेल तर त्याची वेगळ्या पात्राबद्दलची पहिली आणि शेवटची प्रतिक्रिया शेजारी-शेजारी लिहा.

५. मुख्य विधान लिहा. त्यात बंधन, निवड आणि परिणाम, तिन्ही आले पाहिजेत. उदाहरणार्थ: 'बुद्धी जाणार हे कळूनही चार्ली ती स्वतःच्या ऱ्हासाच्या अभ्यासाला लावतो, त्यामुळे प्रयोगाची वस्तू असलेला माणूस संशोधक होतो.' या विधानाशी वाद घालता येतो. 'चार्ली हे हृदयस्पर्शी पात्र आहे' याच्याशी येत नाही.

६. परिच्छेद बांधा. दर परिच्छेदात एक मुद्दा आणि एक-दोन छोटी अवतरणं. अवतरणानंतर किमान दोन वाक्यं तुमची हवीत, आणि त्यातलं एक त्या अवतरणातल्या एखाद्या नेमक्या शब्दाबद्दल. विधानाच्या विरोधात जाणारी एक नोंद मुद्दाम शोधा आणि शेवटच्या परिच्छेदाच्या आधी तिला उत्तर द्या.