पाणबुडीचे युद्धपट कानांनी कसे पाहावेत

कोल्हापुरात पावसाची झड लागली की घरोघरी एकच चौकशी सुरू होते: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. या दोन आकड्यांमधली एखादी रात्र ज्याने नदीकाठच्या पेठेत जागून काढली आहे, त्याला पाणबुडीच्या युद्धपटातील खोलीमापकाचा काटा समजावून सांगावा लागत नाही. अंधारात पाणी दिसत नसते, फक्त आकडा बदलत असतो आणि माणसे त्या आकड्याकडे लक्ष लावून बसलेली असतात. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आम्हा मंडळींना हे चित्रपट जवळचे वाटतात, ते बहुधा यामुळेच. मात्र ते नीट पाहायचे, तर थोडी पूर्वतयारी करावी लागते.

पहिली तयारी यंत्राविषयीची आहे. दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडी ही खरे पाहता पाण्यावरून चालणारी आणि गरजेपुरती बुडी मारणारी नौका होती. तिच्या डिझेल इंजिनांना हवा लागत असल्याने ती पृष्ठभागावर असतानाच चालत. पाण्याखाली गेल्यावर सारी भिस्त बॅटऱ्यांवर असे, आणि त्या बॅटऱ्या भरून घेण्यासाठी पुन्हा वर यावेच लागे. म्हणून कथेतील कप्तान वर येण्याची घाई करू लागला, तर त्याला अधीर समजू नये. त्याची वीज आणि माणसांची हवा, दोन्ही संपत आलेली असतात. दुसरी गोष्ट पाण्याच्या दाबाची. लहानपणी गावाकडच्या विहिरीत बुडी मारून तळाची माती वर आणताना कान कसे दाबले जातात, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. २०० मीटरवर पोलादी कवचावर किती भार येत असेल, याचा अंदाज त्या विहिरीच्या आठवणीवरून बांधता येतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण या चित्रपटांतील जवळजवळ सारे नाट्य तिच्यावर उभे आहे. पेरिस्कोप, म्हणजे वरचे पाहण्याची दुर्बीण-नळी, पाण्याखाली गेला की पाणबुडी आंधळी होते आणि पुढची लढाई केवळ कानांनी लढली जाते. पाणबुडीतला माणूस हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, विनाशिकेच्या (पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या युद्धनौकेच्या) जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा आवाज ऐकत असतो, तर विनाशिका सोनारचा ध्वनी पाण्यात सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीचा माग काढत असते. विनाशिका अगदी जवळ आली की त्या काळच्या सोनारचा संपर्क तुटत असे, कारण पाणबुडी त्याच्या झोताच्या खाली जात असे. शिवाय डेप्थ चार्ज म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारी स्फोटकांची पिंपे; ती शंभर मीटर खाली पोचायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागे. कप्तान ज्या एका क्षणाची वाट पाहत ओठ मिटून उभा असतो, तो हाच. वरच्या पंख्याची गती वाढली, पिंपे पाण्यात पडल्याचे ऐकू आले, की तो पूर्ण वेग आणि तीव्र वळणाचा हुकूम देतो. हे ठाऊक नसेल तर प्रसंग नुसता आरडाओरड्याचा वाटतो. ठाऊक असेल तर त्यातली प्रत्येक शांतता मोजता येते.

यावरून दुसरी तयारी ओघानेच येते. हे चित्रपट मोबाइलवर पाहू नयेत आणि टीव्हीच्या बारीक स्पीकरवरही शक्यतो पाहू नयेत. आम्ही चार-पाच मित्रांनी पहिल्यांदा असा चित्रपट लावला, तेव्हा पंखा चालू होता, खिडकी उघडी होती आणि मध्ये चहा-भडंगाचे वाटप झाले. नेमका सोनारचा ध्वनी जवळ येत असताना कागदी पुड्यांचा आवाज सर्वांत मोठा होता. पुढच्या खेपेस आम्ही खाणे आधी उरकले, पंखा बंद केला, खोलीत पूर्ण अंधार केला आणि बरे स्पीकर मागून आणले. चित्रपट तोच होता, पण या वेळी कवचाच्या करकरण्याने आमच्यातल्या एकाने नकळत छताकडे पाहिले.

पाहण्याचा क्रम मी असा सुचवीन. आरंभ १९५७ च्या 'द एनिमी बिलो'ने करावा. अमेरिकी जहाजाचा कप्तान रॉबर्ट मिचम आणि जर्मन पाणबुडीचा कप्तान कर्ट युर्गेन्स यांच्यातील हा डाव म्हणजे दोन जाणत्या मल्लांची कुस्ती आहे; दोघे एकमेकांना न पाहता एकमेकांची पकड ओळखू लागतात, आणि त्यातूनच शत्रूविषयीचा आदर वाढत जातो. वर आणि खाली, दोन्हीकडची बाजू दिसत असल्याने नवख्या प्रेक्षकाला लढाईची रीत येथे सर्वांत स्पष्ट कळते. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले ते ध्वनीच्या विशेष परिणामांसाठी, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

त्यानंतर १९५८ चा 'रन सायलेंट, रन डीप' घ्यावा. क्लार्क गेबल आणि बर्ट लँकेस्टर यांच्यातला संघर्ष येथे एकाच पाणबुडीच्या आत आहे. मूळ कादंबरी एडवर्ड बीच या पाणबुडीवरच्याच अधिकाऱ्याने लिहिलेली असल्याने तालमीचे प्रसंग विशेष पाहण्यासारखे आहेत: तीच बुडी, तोच पाणतीर (टॉर्पेडो) सोडण्याचा सराव, हातात घड्याळ, आणि पुन्हा पहिल्यापासून. १९४३ चा 'डेस्टिनेशन टोकियो' युद्ध चालू असताना निघाला असल्याने त्यात प्रचाराचा भाग बराच आहे, तो ध्यानात ठेवूनच पाहावा. तरी समुद्राखाली झालेल्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचा प्रसंग चुकवू नये, कारण तशी शस्त्रक्रिया १९४२ मध्ये 'सीड्रॅगन' या अमेरिकी पाणबुडीवर खरोखर झाली होती आणि तेथे स्वयंपाकघरातले चमचे उपकरण म्हणून वापरले गेले होते.

एवढे पाहून झाल्यावर मगच १९८१ च्या 'दास बूट'कडे वळावे. जर्मन पाणबुडीवरच्या या, दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन यांच्या चित्रपटासाठी एक संपूर्ण संध्याकाळ राखून ठेवावी. त्याची अडीच तासांची आवृत्ती आहे आणि १९९७ ची सुमारे साडेतीन तासांचीही आहे; माझा आग्रह लांब आवृत्तीचा, कारण कंटाळा हाही या कथेचा विषय आहे आणि तो कापला की भीतीची धार बोथट होते. संवाद जर्मनच ठेवावेत आणि खाली उपशीर्षके वाचावीत. कुजबुजत दिलेले हुकूम परक्या भाषेत भरलेल्या आवाजात बेचव होतात.

'दास बूट'मधल्या जातीची पाणबुडी ६७ मीटर लांब होती, पण माणसे राहत त्या, दाब सहन करणाऱ्या नळकांड्याचा व्यास जास्तीत जास्त पावणेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे जुन्या वाड्याच्या माजघराएवढा; त्यात यंत्रे, पाणतीर, छताला टांगलेले पाव आणि पंचेचाळीस-पन्नास माणसे. छायाचित्रकार योस्ट फाकानो यांनी हाती धरता येईल असा, जायरोस्कोपने स्थिर राहणारा कॅमेरा तयार करून घेतला आणि तो घेऊन ते त्या बोळातून धावले. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावच्या प्रेक्षकाने तरी ही कारागिरी थांबून पाहावी. बुडी मारण्याचा हुकूम होताच नाकाकडचे वजन वाढवण्यासाठी सगळे खलाशी पुढच्या टोकाकडे धावतात. त्या धावण्यात कॅमेरा कोणत्या दारातून कसा वाकून जातो, तेवढेच एकदा न्याहाळावे.

मध्यंतर घ्यायचेच असेल तर स्पेनमधील विगो बंदराच्या प्रसंगानंतर घ्यावे. दाढी वाढलेले, कळकट खलाशी आणि त्यांच्या स्वागताला सजवलेले ताट घेऊन उभे असलेले स्वच्छ गणवेशातले अधिकारी, यांच्यातले अंतर तेथे न बोलता दिसते. त्यानंतर जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीचा प्रसंग आहे आणि तेथे कोणी उठू नये. पाणबुडी २८० मीटरवर तळाला टेकते, तेव्हा पडद्यावर शत्रू नसतोच. गळणारे पाणी, सुटणाऱ्या खिळ्यांचे आवाज आणि गुडघाभर पाण्यात तुटलेल्या तारा जोडणारे हात, एवढेच असते. हे खलाशी हिटलरच्या नौदलाचे आहेत, हे विसरू नये आणि चित्रपटही ते विसरू देत नाही; सुरुवातीलाच तो सांगतो की जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या ४०,००० जणांपैकी ३०,००० परतले नाहीत.

नंतरच्या काळातील चित्रपट पाहताना इतिहास वेगळा तपासावा. २००० च्या 'यू-५७१' मध्ये एनिग्मा हे जर्मनांचे सांकेतिक संदेशांचे यंत्र अमेरिकी खलाशी हस्तगत करतात. प्रत्यक्षात मे १९४१ मध्ये 'यू-११०' या जर्मन पाणबुडीवरून ते 'बुलडॉग' या ब्रिटिश युद्धनौकेच्या खलाशांनी मिळवले होते. २०१७ चा 'द गाझी अटॅक' आपल्या जवळचा, परंतु डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी कशी बुडाली याविषयी भारत आणि पाकिस्तान यांचे म्हणणे निरनिराळे आहे, हे जाणून तो पाहावा. विशाखापट्टणमला जाणे झाले, तर समुद्रकिनाऱ्यावर ठेवलेली 'कुरसुरा' ही आपल्या नौदलाची ९१ मीटर लांबीची पाणबुडी आतून अवश्य पाहावी. तिच्या गोल दारातून आधी पाय, मग वाकवलेली पाठ आणि शेवटी डोके आत नेताना आपल्या देहाला किती जागा लागते, ते प्रथमच कळते.

आणि सगळे चित्रपट पाहून झाल्यावर एक दिवस 'द एनिमी बिलो'मधील डेप्थ चार्जचा प्रसंग पुन्हा लावावा, पडद्यावर चादर टाकावी आणि तो नुसता ऐकावा: पंख्याची गती कधी वाढली, पिंपे कधी पडली, आणि कप्तानाने हुकूम देण्याआधी आपण मनात किती आकडे मोजले.