फायबर लेझरने वक्रता मोजताना तापमानाची चूक अशी काढा

ब्रॅग ग्रेटिंग (फायबरमधला, एकच ठरावीक तरंगलांबी परावर्तित करणारा तुकडा) लावलेल्या एर्बियम फायबर लेझरची (एर्बियम मिसळलेल्या काचतंतूत प्रकाश वाढवणाऱ्या लेझरची) तरंगलांबी वाकण्याने सरकते, तशीच तापमानानेही सरकते. एकाच ग्रेटिंगवर विसंबलात तर उन्हाने तापलेली पट्टीसुद्धा वाकलेली दिसते.

१. ०.५ मिमी जाडीची स्टीलची पट्टी घ्या. वरच्या आणि खालच्या पृष्ठावर समोरासमोर एकेक ग्रेटिंग चिकटवा. दोघांच्या तरंगलांबीत ३-४ नॅनोमीटर अंतर हवे. इपॉक्सी ग्रेटिंगच्या पूर्ण लांबीवर लावा, नाहीतर दाबाच्या बाजूचे फायबर मध्येच उचलले जाते.

२. दोन्ही तरंगलांबींच्या सरकण्यातला फरक नोंदवा. तापमानाचा भाग वजा होतो, वाकण्याचा दुप्पट होतो. १५५० नॅनोमीटरला ०.४ प्रतिमीटर वक्रतेसाठी हा फरक साधारण ३०० पिकोमीटर येतो.

३. कॅलिब्रेशनला पट्टी मध्यभागी एकाच बिंदूवर दाबू नका. तेव्हा वक्रता सगळीकडे सारखी नसते. वर्तुळाचे सूत्र (खाली दिले आहे) वापरले तर मध्यावरची वक्रता खऱ्याच्या दोन-तृतीयांशच मिळते. कॅलिब्रेशन इथे सहज बिघडते. बाहेरचे आधार २०० मिमीवर आणि दाबाचे दोन रूळ १०० मिमीवर, सममितीने ठेवा. रुळांमधला बाक म्हणजे d, त्यांच्यातले निम्मे अंतर म्हणजे a. वक्रता = २d/(d²+a²). d ०.५ मिमी असेल तर ०.४ प्रतिमीटर.

सावधान: दोन्ही ग्रेटिंग एकाच एर्बियम पोकळीत (लेझरचा प्रकाश फिरत वाढतो त्या भागात) एकदम जोडू नका. नेहमीच्या तापमानाला त्यांच्या तरंगलांबी एकमेकींचा लाभ (प्रकाशाला मिळणारी वाढ) खातात आणि एक तरंगलांबी विझते. ऑप्टिकल स्विचने आळीपाळीने जोडा.