तेलताडाच्या गराचं पृथक्करण प्रोजेक्टला घेताना

ड्युरा आणि टेनेरा या तेलताडाच्या जातींमधल्या गराची, म्हणजे कठीण कवचाच्या आतल्या बियांच्या गराची, तुलना हा विषय गाइडला पटकन पटतो. ओलावा, स्निग्धांश, प्रथिनं, तंतू, राख काढायची आणि तक्ता भरायचा. खरा प्रश्न तक्त्याच्या आधीच असतो: आपण नेमकी कशाची तुलना करतोय?

या जाती ठरतात त्या कवचावरून. ड्युराचं कवच जाड, टेनेराचं पातळ, पिसिफेराला कवचच नाही. ड्युरावर पिसिफेराचा पराग घातला की त्या बियांतून टेनेरा झाडं मिळतात. हे गणित 1941 साली बेल्जियन काँगोत उलगडलं. पण कवच आईच्या झाडाचं असतं, आतल्या गरात मात्र परागाचाही वाटा असतो. त्यामुळे नमुने घेताना झाडाचा क्रमांक आणि परागण नियंत्रित होतं की खुलं, हे विचारून वहीत लिहा. आंध्रात पेदवेगीला तेलताडाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. खात्रीच्या झाडांसाठी अशा ठिकाणी गाइडमार्फत रीतसर पत्र द्या. गिरणीतून आणलेला गर मिसळीचा असतो, त्याला जातीचं नाव चिकटवू नका.

आता दळणं. वाळल्या गरात निम्म्याच्या आसपास तेल असतं. मिक्सर सलग फिरवला की भुकटीऐवजी चिकट लगदा होतो. गर फ्रीजरमध्ये गार करा आणि थांबत थांबत फिरवा. कवचाचे काळे कण भिंगाखाली वेचून काढा, नाहीतर तंतूंचा आकडा फुगतो आणि ड्युराच्या नावावर भलताच निष्कर्ष जातो. हे वेचकाम फार कंटाळवाणं आहे. तरी ते दुसऱ्यावर सोपवू नका.

भरड राहिली तर सॉक्सलेटमध्ये (द्रावकाने तेल काढायचं उपकरण) तेल पूर्ण उतरत नाही. कर्बोदकं आपण वजाबाकीने काढतो, म्हणजे तेलाची तूट गुपचूप तिथे जमा होते. तेल काढलेली भुकटी पुन्हा दळून परत लावा. सगळे आकडे कोरड्या वजनावरच मांडा.

एसीत तेल गोठलं तर घाबरू नका. हे खोबरेलाच्या जातकुळीतलं, लॉरिक आम्ल जवळपास निम्मं. फळाच्या कवचाबाहेरच्या मांसल भागातलं पामतेल वेगळं, तिथे पामिटिक आणि ओलिक आम्लांचा जोर. तोंडी परीक्षेत हा फरक हमखास विचारतात. पिसिफेरा का नाही घेतलं, हेही विचारतात: त्याची मादी फुलं बहुधा वांझ, घड धरतच नाहीत, मग गर आणायचा कुठून?