१५ टक्के कमिशनचे ४० टक्के कसे होतात: मार्केटप्लेसचा खरा हिशोब लावायची पद्धत

मार्केटप्लेसवर (ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या, अनेक विक्रेते असलेल्या साइटवर) विकायला निघालेला जवळपास प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारतो की कमिशन किती, आणि उत्तर येतं १५ टक्के (कॅटेगरीप्रमाणे ८ पण असेल, १२ पण असेल), मग डोक्यात लगेच हजारातून दीडशे वजा होतात आणि माणूस खुश होऊन लिस्टिंग टाकायला लागतो. घोळ इथेच होतो. कमिशन हा फीचा फक्त एक तुकडा आहे, तोच ठळक अक्षरात लिहिलेला असतो म्हणून सगळ्यांना पाठ असतो एवढंच.

तर आधी काय करायचं, सेलर पॅनलमधून (विक्रेत्याच्या लॉगिनमधून) मागच्या महिन्याचा सेटलमेंट रिपोर्ट, म्हणजे काय काय कापून किती पैसे दिले त्याचा तपशील, डाउनलोड करायचा. डॅशबोर्डवरचा रंगीत ग्राफ नको, तो विक्री दाखवतो, हातात आलेले पैसे नाही. एक्सेलमध्ये उघडा आणि प्रत्येक कॉलम कशाचा आहे ते लिहून काढा: कमिशन, प्रत्येक ऑर्डरवरची ठरलेली फी, शिपिंग किंवा त्यांच्या गोदामातून पॅक करून पाठवायची फी, स्टोरेज, रिटर्नचा खर्च, जाहिरात, या सगळ्या फीवरचा कर. जाहिरातीचं बिल बऱ्याचदा वेगळ्याच पानावर असतं, कधीकधी थेट कार्डावरून कापलं जातं, त्यामुळे लोक ते धरतच नाहीत. ते शोधून त्याच शीटमध्ये आणा.

आता एका ऑर्डरचा हिशोब करू नका, एकदम दहाचा करा. एका ऑर्डरमध्ये रिटर्न दिसत नाही.

समजा किंमत १०००, चलन कुठलंही धरा. माल ४५० ला पडतो, पॅकिंग १५, कमिशन १५ टक्के, ठरलेली फी २५, शिपिंग ८०. कागदावर उरतात २८०, छान वाटतं. आता दहा ऑर्डर पाठवल्या, त्यातल्या दोन परत आल्या, आणि परत आलेल्यांपैकी एक नग पुन्हा विकण्यालायक राहिला नाही. विक्री झाली आठच नगांची, ८०००. कमिशन १२००. ठरलेली फी आणि शिपिंग मात्र दहाही ऑर्डरचं गेलं, २५० आणि ८००. रिटर्न आणायचे दोनदा शंभर, २००. जाहिरातीला ७०० गेले म्हणू. एकूण ३१५०, म्हणजे ८००० वर ३९ टक्क्यांच्या पुढे. मालाचे आठ नग आणि एक वाया गेलेला मिळून ४०५०, पॅकिंग १५०. उरले ६५०. आठ ऑर्डरवर वाटा, एका ऑर्डरला ८१. कुठे २८० आणि कुठे ८१!

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, यातलं शिपिंग तुम्ही स्वतः विकलं असतं तरी द्यावंच लागलं असतं, त्यामुळे सगळे ३९ टक्के प्लॅटफॉर्मने खाल्ले असं म्हणणं बरोबर नाही. पण तुमच्या खिशातून जातात हे खरंय आणि किंमत ठरवताना तेवढंच महत्त्वाचं.

किंमत ठरवताना अजून एक चूक सर्रास होते. टक्केवारीतले सगळे खर्च लोक मालाच्या खर्चावर चढवतात. वरच्याच उदाहरणात टक्क्यात न मोजायचे खर्च (माल, वाया गेलेला नग, पॅकिंग, शिपिंग, ठरलेली फी, रिटर्न) मिळून ५४५०, आठने भागले की साधारण ६८१. कमिशन १५ टक्के, जाहिरात पावणेनऊ टक्के, आणि नफा हवाय १० टक्के, बेरीज पावणेचौतीस. बरेचजण काय करतात, ६८१ वर पावणेचौतीस टक्के चढवतात आणि ९११ किंमत लावतात. कमिशन लागतं विक्रीच्या किमतीवर, खर्चावर नाही! ९११ ला विकलं तर त्या ९११ मधले हातात जेमतेम तेरा-चौदा राहतात, दहा टक्के वगैरे विसरा. बरोबर पद्धत म्हणजे शंभरातून पावणेचौतीस वजा करा, उरले सव्वासहासष्ट, आणि ६८१ ला ०.६६२५ ने भागा. येतात १०२८ च्या आसपास. हा एक भागाकार शीटमध्ये कायमचा टाकून ठेवा, फी बदलली की फक्त आकडा बदलायचा.

खोक्याचं पण बघून घ्या, कारण पैसे वाचवायची सगळ्यात सोपी जागा तीच आहे आणि तिकडे कोणी बघत नाही. शिपिंग प्रत्यक्ष वजनावर लागतं असं वाटतं, पण लागतं ते प्रत्यक्ष वजन आणि व्हॉल्यूमेट्रिक वजन (खोक्याच्या आकारावरून काढलेलं) यातलं जे जास्त असेल त्यावर. बऱ्याच कुरिअरमध्ये लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, किलो मिळतात. ४० बाय ३० बाय २० चं खोकं म्हणजे ४.८ किलो, आत दीड किलोची वस्तू असली तरी. तेच ३५ बाय २५ बाय १५ केलं तर २.६ किलोच्या आसपास. वस्तू तीच, आतली हवा कमी झाली. आणि पार्सल बंद केल्यावर वजनकाट्यावर ठेवून, बाजूला मोजायची टेप लावून एक फोटो काढत जा, लेबल दिसेल असा. गोदामात वजन जास्त मोजलं म्हणून नंतर फरक कापला गेला की त्या फोटोशिवाय तुमच्याकडे भांडायला काहीच नसतं.

जाहिरातीचं काय करायचं

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला वाटतं खरी फीवाढ इथूनच झालीय. कमिशनचे टक्के बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं तेवढेच दिसतात, पण सर्चमध्ये वरच्या ओळी स्पॉन्सर्ड झाल्यात आणि जो जाहिरात देत नाही तो खाली जातो. ॲमेझॉनचं जाहिरातीचं उत्पन्न २०२४ मध्ये ५६ अब्ज डॉलरच्या वर होतं, त्यातला मोठा वाटा तिथेच विकणाऱ्यांच्या खिशातला. एट्सीवर (हाताने बनवलेल्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेली साइट) तर वर्षाला १०,००० डॉलरच्या वर विक्री गेली की बाहेरच्या साइटवरच्या जाहिरातींमधून बाहेर पडताच येत नाही, त्या जाहिरातीतून ऑर्डर आली की १२ टक्के द्यायचेच. ते सुद्धा व्यवहाराच्या फीच्या वर, जी त्यांनी एप्रिल २०२२ मध्ये ५ वरून ६.५ टक्के केली. तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली, फी मात्र परत खाली आली नाही.

तर जाहिरातीचा रिपोर्ट वाचताना जाहिरातीतून आलेल्या विक्रीवर खर्च किती टक्के हा आकडा बघून खुश होऊ नका, एकूण विक्रीवर किती टक्के ते बघा. कारण ज्याने तुमच्या ब्रँडचं नाव टाइप करून शोधलं तो जाहिरात नसती तरी तुमच्याकडेच आला असता, असे क्लिक जाहिरातीच्या खात्यात जमा होतात आणि आकडा गोंडस दिसतो. महिन्यातले काही दिवस एकाच प्रॉडक्टची जाहिरात पूर्ण बंद करून बघा, एकूण ऑर्डर किती पडतात ते मोजा. फारशा पडल्या नाहीत तर उत्तर मिळालं. पडल्या तर ती जाहिरात म्हणजे भाडं आहे असं समजून किमतीत धरा. एकाच वेळी सगळ्या प्रॉडक्टवर हा प्रयोग करायचा नाही, रँकिंग एकदा खाली गेलं की वर आणायला परत जाहिरातच लागते.

एवढं असून लोक सोडून का जात नाहीत? कारण गिऱ्हाईक तिथे आहे म्हणून विक्रेता तिथे, आणि विक्रेते तिथे म्हणून गिऱ्हाईक तिथे. या चक्रात मधला जो आहे त्याला फी वाढवताना घाबरायचं कारण उरत नाही. त्यात बाय बॉक्स, म्हणजे ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण दाबलं की कोणाचा माल जाणार ते ठरवणारी जागा. एकच वस्तू दहाजण विकत असले तरी बटणामागे एकजण असतो आणि जवळपास सगळी विक्री त्याच्याकडे जाते.

आता हे नीट वाचा, कारण गिऱ्हाईकाच्या खिशाशी याचा थेट संबंध आहे. स्वतःच्या वेबसाइटवर तुम्हाला कमिशन नाही, फक्त पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचे) दोन-तीन टक्के, म्हणून तिथे स्वस्त द्यावं असं वाटणारच. पूर्वी ॲमेझॉनच्या करारातच लिहिलेलं असायचं की दुसरीकडे कमी किंमत लावायची नाही, ते कलम युरोपात २०१३ ला आणि अमेरिकेत २०१९ ला काढलं. पण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (स्पर्धा आणि ग्राहकहितावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०२३ मध्ये १७ राज्यांसोबत जी केस टाकली त्यातला आरोप असाय की दुसरीकडे कमी किंमत दिसली की विक्रेत्याला बाय बॉक्समधून किंवा सर्चमधून खाली ढकललं जातं. कंपनी हे आरोप मानत नाही. पण याच भीतीने विक्रेता काय करतो तर मार्केटप्लेसची फी धरून जी किंमत येते तीच सगळीकडे लावतो. म्हणजे मार्केटप्लेसवर कधीही न गेलेला माणूस सुद्धा तिथली फी भरतो.

विक्रेत्याने यातून वाट कशी काढायची? तोच बारकोड दोन ठिकाणी दोन किमतींना लावायचा नाही. स्वतःच्या साइटवर दोन-तीन वस्तूंचा सेट, मोठा पॅक, रिफिल असं काहीतरी ठेवा जे मार्केटप्लेसवर नाहीच, मग तुलना कशाची करणार. पार्सलमध्ये ‘पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या’ असं कार्ड टाकायचा मोह होतो, पण बऱ्याच प्लॅटफॉर्मच्या नियमात ते बसत नाही आणि अकाउंट जाऊ शकतं, त्यामुळे आधी नियम वाचा. वॉरंटी नोंदणी किंवा वापरायच्या सूचना देणं कुठे चालतं, कुठे नाही, ते पण तिथेच कळेल.

सगळा स्टॉक त्यांच्या गोदामात ठेवू नका. अकाउंट सस्पेंड झालं की माल आणि पैसे दोन्ही अडकतात, आणि उत्तर म्हणून येतात ते साचेबंद मेल. माझं मत विचाराल तर फीपेक्षा ही टांगती तलवार जास्त वाईट, फी निदान हिशोबात तरी धरता येते. निदान एका सेटलमेंटचे पैसे अडकले तरी सप्लायरचं बिल भरता येईल एवढी रोकड बाजूला ठेवायची. बिलं, ब्रँडची कागदपत्रं, सप्लायरचे इनव्हॉइस एका फोल्डरमध्ये तयार हवेत, अपील करायला वेळ थोडा असतो.

हक्क काय आहेत तेही बघून ठेवा, ते देशाप्रमाणे बदलतात. युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२० पासून नियम आहे की अटी बदलायच्या तर विक्रेत्याला साधारणपणे किमान १५ दिवस आधी सांगायचं, अकाउंट बंद केलं तर कारण द्यायचं, आणि रँकिंग मुख्यतः कशावर ठरतं ते उघड करायचं. तिथल्याच डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मोठ्या प्लॅटफॉर्मना ‘दुसरीकडे स्वस्त विकू नका’ अशी अट घालता येत नाही. भारतात स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या व्यवहारांची चौकशी सुरू करायचा आदेश दिला होता. केसेस वर्षानुवर्षं चालतात, तोवर तुमची शीटच तुमच्या कामाची.

गिऱ्हाईक म्हणून घेताना

सर्च केल्यावर पहिल्या चार-पाच वस्तूंवर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलंय का बघा, त्या वर आहेत कारण वर यायचे पैसे दिलेत, चांगल्या आहेत म्हणून नाही. वाईट असतील असंही नाही, पण खाली स्क्रोल करा. मग ‘विक्रेता कोण’ ही ओळ उघडा, ब्रँड स्वतः विकतोय की तिसराच कोणी. बटणाच्या आसपास ‘इतर विक्रेते’ अशी लिंक असते तिथे तीच वस्तू कमी किमतीत किंवा कमी शिपिंगमध्ये असू शकते. युरोपात तर २०२२ च्या शेवटी ॲमेझॉनने युरोपियन आयोगाला कबूल केलं की किमतीत किंवा डिलिव्हरीत पुरेसा फरक असला तर दुसरी ऑफर पण ठळक दाखवू.

डिस्काउंटचा टक्का वाचूच नका, खोडलेली किंमत कोणीही काहीही लिहितं. ॲमेझॉनसाठी कीपा, कॅमलकॅमलकॅमल अशी टूल्स आहेत, मागच्या काही महिन्यांची किंमत ग्राफमध्ये दिसते, सेलच्या आधी किंमत वर चढवून मग ‘उतरवली’ असेल तर लगेच कळतं. वेगवेगळ्या साइजचे पॅक असतील तर १०० ग्रॅमला किंवा एका नगाला किती पडतं ते काढा. प्लॅटफॉर्म फी, हँडलिंग फी वगैरे शेवटच्या स्क्रीनवर जोडली जाते, म्हणून तुलना करायची ती पेमेंटच्या आधीच्या पानावरच्या एकूण रकमेची.

आणि ब्रँडची स्वतःची साइट उघडून बघायला मिनिटभर लागतं. किंमत तीच असेल बहुतेक, का ते वर सांगितलंच, पण तिथे सेट, रिफिल, जास्त वॉरंटी, पहिल्या ऑर्डरचं कूपन असं काहीतरी असतं. नवीनच साइट असेल तर पत्ता, फोन, रिटर्नचे नियम नीट लिहिलेत का ते बघून मगच पैसे भरा, आणि पहिली ऑर्डर छोटी ठेवा.