मंगलोरी कौलं घेताय? निदान या चुका तरी टाळा

दरवर्षी मे महिना संपत आला की फोन सुरू होतात. "दादा, पाऊस तोंडावर आलाय, कौलं कुठली घेऊ सांगा, आजच गाडी ठरवायचीय." अहो, ज्या छपराखाली पुढची पिढी झोपणार त्याची कौलं अशी पाच मिनिटांत ठरतात का? फेब्रुवारीत बघा, मार्चमध्ये आणा. श्रीवर्धनच्या बाजूला छपरांची कामं करतोय, त्याच त्याच चुका बघून जीव तुटतो म्हणून लिहितोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे दोन कंपन्यांची कौलं एकाच पाख्यावर, म्हणजे छपराच्या एकाच उतरत्या बाजूवर, चढवणं. लोकांना वाटतं मंगलोरी कौल म्हणजे सगळीकडे एकच माप. १८६५ साली बासेल मिशन या मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, मग त्याचं बघून बाकीचे निघाले, आणि प्रत्येकाचा साचा जरा जरा वेगळा. फरक असतो दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा, लांबून कळतही नाही, पण एका कौलाची कड शेजारच्याच्या खाचेत घट्ट बसते म्हणून तर पाणी आत येत नाही.

२०२० ला ३ जूनला निसर्ग वादळ आलं, आमच्याकडे घरंच्या घरं उघडी पडली, कौलं मिळता मिळेनात. एका मुंबईकर घरमालकांनी मिळतील तिथून गोळा केली, अर्धी नवी, अर्धी पाडलेल्या घराची, आणि कामगारांनी ती न बघताच चढवली. जुलैत रात्री मला बोलावणं आलं. गेलो तर आजी ओटीवर पातेली मांडत होत्या. बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो, खालून कौलाची पाठ दिसते आणि पाठीवर कंपनीचा छाप उठवलेला असतो, तर डावीकडे एक छाप, उजवीकडे दुसरा, आणि जिथे छाप बदलत होता बरोब्बर तिथेच रिपेवरून, म्हणजे कौलं ज्यावर अडकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवरून, पाणी ओघळत होतं. त्याआधी कोणीतरी फटीत सिमेंट भरून गेलेलं, त्याला तडे गेलेले. उघडीप मिळाल्यावर नऊशेच्या आसपास कौलं उतरवली, छाप बघून वेगळी केली, पुढच्या पाख्याला एक जात, मागच्याला दुसरी. गळती थांबली. सिमेंट फासून गळती काढतो म्हणणाऱ्याला मी तरी घराच्या शिडीला हात लावू देणार नाही.

माझी सवय सांगतो. गाडी आली की उतरवण्याआधी वेगवेगळ्या थरांतली बारा कौलं काढायची, अंगणात रिपा टाकून तीन ओळींत लावून बघायची. डुगडुगलं, फट राहिली, कौल वाकडं निघालं, तर गाडी परत. ड्रायव्हर कटकट करतो, करू दे.

दुसरी चूक, रंग बघून घेणं. लालभडक म्हणजे पक्कं भाजलेलं असं काही नसतं. कौल एका हातात लोंबतं धरा, बोटाच्या पेराने वाजवा, खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज आला की कच्चं नाहीतर तडकलेलं. मग एक सुकं कौल वजन करून एक दिवस-एक रात्र बादलीत बुडवा, पुसून परत वजन करा. अडीच किलोच्या कौलाने अर्ध्या किलोच्या वर पाणी प्यायलं तर ते मी घेत नाही. भिजल्यावर पांढरे ठिपके फुगून टवके उडाले तर मातीत चुन्याचे खडे आहेत, तो लॉट सोडून द्या.

रिपा आधी मारून ठेवू नका, कौल हातात आल्यावर त्याच्या मापाने मारा.

उतार कमी ठेवून लाकूड वाचवू नका. फुटाला सहा-सात इंच चढ हवाच, नाहीतर वाऱ्याबरोबर पाणी उलटं वर चढतं.

ऑइल पेंट तर बिलकुल नको, आतली ओल आतच राहते आणि दोन पावसांत पोपडे निघतात.

आणि मोजून तेवढीच आणू नका. माकडं उड्या मारणार, नारळाची झावळी पडणार, चार-पाच वर्षांनी तोच साचा मिळेल याची खात्री नाही. शंभरेक कौलं आणि दहा कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावर बसवायची कौलं, जास्तीचे घ्या, पडवीत भिंतीला टेकून उभे लावून ठेवा. आडवे रचू नका, खालचे तडकतात.